पाठ

पहिल्या वर्षाला ट्यूटरबाईंनी शिकवलेलं :
आधी स्पिरिट, मग पावडर,
मग तळहातानं गोल गोल,
माकडहाडावर जरा जोर देऊन.
आम्ही ते पाठ केलं. पाठीचंच तर होतं.
सव्वीस वर्षं त्या स्पिरिटचा वास हाताला आहे,
घरी पोळ्या लाटतानाही.

यंदा मेमध्ये, वॉर्ड तेवीस,
कूलरच्या वाळ्यावर पाणी सोडून आलेली ती नवी पोरगी,
स्वप्नजा उके, बॉण्डवरची,
मला म्हणाली, मॅडम, लाल झालेली जागा चोळू नका.
मी म्हटलं, काऊन वं? तू कोण सांगणारी?
तिनं वाद घातला नाही.
खिशातून चार झेरॉक्स पानं काढली,
मेडिकल चौकातली, घामानं एकमेकांना चिकटलेली,
ओळींखाली पेन्सिल.
मला जेवढं उमगलं ते असं :
वर दिसते ती नुसती लाली.
खाली, हाडालगत, मांस आधीच चेंगरलेलं असतं.
आपण चोळतो, ते आणखी फाटतं.

त्या रात्री डोळा लागला नाही.
पुण्य समजून ज्यांच्यावर हात फिरवला
त्यांचे चेहरे आठवत नव्हते.
पाठीच आठवत होत्या.

कागदावर लगेच विश्वास बसला असंही नाही.
म्हणून मोजलं.
जुन्या रजिस्टरची मागची पानं, पट्टीनं रेघा :
खाट, वेळ, कूस,
बोटानं दाबल्यावर पांढरं पडतं की लालच राहतं.
दर दोन तासांनी. चाळीस खाटा, रात्रीला आम्ही दोघी.
कधी तीन तास झाले. तिथं तीनच लिहिले.
खोटं लिहायचं तर मोजायचं कशाला, म्हणाली उके.
आधीच्या तीन महिन्यांत चौदा जखमा,
नंतरच्या तिनात सहा.
इन्चार्ज म्हणाल्या, उन्हाळा सरला म्हणून असेल.
असेलही.

कोठीराम नेवारे त्या सहांतला.
कळमन्याचा हमाल. चाळीस वर्षं मिरचीची पोती
त्याच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढली.
आता अर्धं अंग गेलेलं, खाट एकोणीस.
पाठ आम्ही राखली त्याची,
तीस अंश कलती, मागे दुमडलेलं ब्लँकेट.
टाच विसरलो.
डाव्या टाचेवर रुपयाएवढं जांभळं.
उकेनं तारीख घालून नोंद केली.
मला ती खोडावीशी वाटली.
तिनं पेन दिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको भागरथा
त्याचाच दुपट्टा पिळून चुंबळ करून घेऊन आली.
"डोक्यावर घागर बसते न बाई,
तशी टाच बसंन यात."
हो म्हणायला किती बरं वाटलं असतं.
पण तिसऱ्या पानावर चुंबळीचंही लिहिलं होतं :
कडेनं दाबते, मधलं रक्त अडवते.
तिला झेरॉक्स दाखवून काय उपयोग.
तिच्या बोटाला दोरा गुंडाळला,
टोक निळं पडेतो.

ती बोटाकडं पाहत राहिली.
"मंग सेवा कराची कशी?
हात तं लावू देता न?"

मला उत्तर आलं नाही.
चार पानांत ते नव्हतं.

तिनं दोरा सोडवला.
मग चुंबळ मांडीवर घेतली, एकेक पीळ उकलला,
दुपट्ट्याची लांब, सपाट घडी केली
आणि त्याच्या पोटरीखाली सरकवली.
टाच अधांतरी.
खाली हात जाईल एवढी जागा.

मी हात घालून पाहिला.
चोळलं नाही.
रजिस्टरमध्ये लिहिलं : दोन दहा, उजवी कूस.
चार दहाला पुन्हा.